दादानं कॉलेज निवडलं तो उन्हाळा

जून लागला की लखनौत आमच्या गोमती नगरच्या सोसायटीत मलिहाबादच्या दशहरी आंब्यांच्या पेट्या येऊ लागतात, आणि त्याच सुमारास बारावी झालेल्या मुलांच्या घरांतून आवाज चढू लागतात. लिफ्टमध्ये, गेटवर, सब्जीवाल्या भैयाच्या ठेल्यापाशी एकच विषय. कोणतं कॉलेज, कोणतं शहर, घर की हॉस्टेल. परवा शेजारची मुलगी ताटलीत आंबे घेऊन आली. तिला इथेही मिळतंय आणि लांब दक्षिणेतही. दारातच उभी राहून म्हणाली, "आंटी, आप बताइए ना. मम्मी कहती हैं जहाँ मन हो जाओ, फिर किचन में जाकर रोती हैं."

मी म्हटलं, "पहले आम तो खा ले, बेटा."

ती हसून गेली. मी ताटली हातात धरून तशीच उभी राहिले. दशहरीचा वास मोठा सभ्य असतो, हापूससारखा खोलीभर होत नाही. जवळ गेलात तर येतो. पण त्या वासासरशी मला खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या ताट्या आठवतात, कूलरची घरघर आठवते आणि खिडकीपाशी दोन उशा एकावर एक ठेवून बसलेली आई दिसते. आडवं झालं की तिला श्वास पुरत नसे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बाबा औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्या एका सरकारी संस्थेत शास्त्रज्ञ होते. वर्ध्याहून आले तेव्हा दोन-तीन वर्षांत परत जाऊ, असं आईला सांगून आले होते. मग दादाची शाळा सुरू झाली, माझा जन्म झाला, आणि परत जायचं बोलणं हळूहळू दिवाळीच्या सुट्टीपुरतं उरलं. संस्थेच्या क्वार्टर्समध्ये आमच्यासारखी आणखी काही मराठी घरं होती. घरात मराठी चाले, दाराबाहेर हिंदी. दादा आईशी मराठीत भांडायचा आणि चिडला की हिंदीत जायचा. त्याचं नाव मुकुंद. मैदानावर त्याला कुणी 'मुकुन' म्हणे, कुणी 'मराठे'.

मैदान क्वार्टर्सच्या मागेच होतं. मधे घट्ट पांढरी माती, कडेकडेनं गवत. लखनौत तेव्हा हॉकी हा खेळ आहे असं कुणाला वाटत नसे, ती रोजची गोष्ट होती. संध्याकाळी ऊन उतरलं की मोहल्ल्यामोहल्ल्यातून पोरं स्टिक खांद्यावर टाकून निघत. पानाच्या दुकानावर बसलेली म्हातारी माणसं त्यांना थांबवून मनगट कसं ठेवायचं ते सांगत.

दादा फुलबॅक होता. त्या काळी गोलकीपरच्या पुढे दोन फुलबॅक असत. उजवीकडे दादा आणि डावीकडे अनीस. अनीस पलीकडच्या मोहल्ल्यातला, त्याचे अब्बा शेरवान्या शिवायचे. दोघं लहानपणापासून एकत्र खेळत आलेले. त्यांना एकमेकांना हाक मारावी लागत नसे. एक पुढे सरला की दुसरा आपोआप मागे येई, दाराच्या दोन झडपांसारखा. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घ्यायचे. हे दोघं मागे उभे राहून गुडघ्यावरची माती झटकत असायचे.

दादाची एक गंमत होती. तो चेंडूकडे फार बघायचाच नाही. समोरून येणाऱ्याच्या खांद्यांकडे बघायचा आणि चेंडू कानांनी ऐकायचा. सुक्या मातीवरून चेंडू टणटण उड्या मारत येतो, त्याचा एक आवाज असतो. मला तो म्हणायचा, "आवाज बारीक झाला की समजायचं, आता त्यानं चेंडू उजवीकडे घेतलाय." मला कधी ऐकू आला नाही. मी मैदानाच्या कडेला आईच्या घडीच्या खुर्चीशेजारी बसून शेंगा सोलत असायचे. आई सामना कधी शेवटपर्यंत बघू शकली नाही. तिच्या हृदयाची एक झडप आवळत चालली होती. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्याचं ते देणं. डॉक्टर म्हणत होते की ऑपरेशन लागेल. आई म्हणत होती, मुकुंदची परीक्षा होऊ द्या, आंबे संपू द्या, पाऊस सरू द्या.

त्या वर्षीच्या वसंतात एका स्पर्धेला पंजाबातल्या एका कॉलेजचे कोच आले होते. उंच, पांढरी दाढी, हातात छत्री. आले होते एखादा फॉरवर्ड शोधायला. दोन सामने पाहिले आणि तिसऱ्या दिवशी ते अनीस आणि दादापाशी येऊन उभे राहिले. इंटरमीजिएट, म्हणजे बारावी, झालं की दोघांनी त्यांच्या कॉलेजात यायचं. हॉस्टेल, दूध, अंडी, सगळं कॉलेजचं. ते कॉलेज विद्यापीठांच्या स्पर्धा जिंकायचं, आणि देशाच्या ज्युनियर कॅम्पसाठी मुलं निवडणारी माणसं त्यांचे सामने हटकून बघायला बसायची. जाता जाता ते आणखी एक बोलले होते. तिकडे जवळच्या शहरात लवकरच हिरवं कृत्रिम मैदान होणार आहे, विलायतेसारखं, पुढे सगळी हॉकी त्याच्यावरच होणार. दादानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "प्लास्टिकचं गवत?" आणि आम्ही सगळे हसलो.

लखनौत राहायचं तर रिझवी सरांचं कॉलेज होतं. रिझवी सरांनी दादाला पोरवयापासून घडवलं होतं. सडपातळ, चिकनकारीचा कुर्ता, बोलणं इतकं अदबीचं की रागावले तरी कळायला वेळ लागे. त्यांचा संघ कच्चा होता. चांगली पोरं बाहेर जात आणि उरलेल्यांना घेऊन सर दरवर्षी उभे राहत.

एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले. आईनं कैरीचं पन्हं दिलं. बाबांना प्रयोगशाळेसारखे प्रश्न विचारायची सवय होती. त्यांनी सरळच विचारलं, "सर, वो टीम अच्छी है, आपकी कमज़ोर है. फिर यहाँ क्यों रहे?"

सरांनी पेला खाली ठेवला. "डॉक्टर साहब, आप ठीक फ़रमाते हैं. मगर सोचिए, जो टीम हर मैच पाँच गोल से जीतती है, उसका बैक करता क्या है? खड़ा रहता है. फ़ॉरवर्ड को तो लोग दो मिनट में देख लेते हैं. बैक को देखने के लिए उसकी टीम का पिटना ज़रूरी है. मेरी टीम पिटती है. आपका लड़का रोज़ नज़र आएगा."

बाबा विचारात पडले. त्यांना तो युक्तिवाद आवडला, हे मला त्यांच्या चष्मा पुसण्यावरून कळलं. दादा मात्र हसला. सर गेल्यावर म्हणाला, "सरांना बॅक हवाय, दुसरं काही नाही."

"पण चूक बोलले का ते?" बाबांनी विचारलं.

"चूक नाही बोलले."

ते दिवस मला दुपारच्या रंगाचे आठवतात. बाहेर लू, ती अंग भाजणारी झळ, वाहतेय, रस्ते ओस, खिडक्यांना ओल्या ताट्या, घरात हिरवट अंधार. बादलीत पाण्यात आंबे पडलेले. दादा जमिनीवर पडून स्टिकला तेल चोळायचा. त्याला जायचं होतं. तो तसं बोलायचा नाही, पण पंजाबच्या गाडीची वेळ त्याला पाठ होती. अनीस रोज यायचा आणि दोघं नकाशात ते गाव बघायचे. अनीसच्या घरी प्रश्नच नव्हता. त्याच्या अब्बांनी दोन नवे कुर्ते शिवायला घेतले होते.

आमच्या घरी कुणी नाही म्हटलं नाही. आता वाटतं, कुणीतरी म्हणायला हवं होतं. बाबांनी ओरडून सांगितलं असतं की खेळ पुरे, इथे राहून बी.एस्सी. कर, तर दादा भांडला असता आणि गेला असता. पण बाबा म्हणाले, "तू मोठा झालास. तू ठरव." आणि आई उशांना टेकून हसत म्हणाली, "तू खुशाल जा. माझं काय, मी आहेच."

हे वाक्य आमच्या घरात रोज ऐकू यायचं. चहा कमी असला तरी आई म्हणे, तुम्ही घ्या, माझं काय. सिनेमाला जागा नसली तरी तेच. मी त्याकडे लक्षही दिलं नाही. दादा मात्र तेल चोळता चोळता थांबला आणि आईकडे बघत राहिला.

मग एक दिवस आम्ही तिघं, दादा, अनीस आणि मी, बसनं मलिहाबादला गेलो. अनीसच्या मामांची बाग होती. आंब्याच्या बागेत जूनमध्येही गारवा असतो. जमिनीवर पानांचा थर, त्यावर उतरवलेल्या आंब्यांच्या राशी, आणि वर पोपटांचा कलकलाट. दोघं एका खाटेवर बसले होते, मी राशीतले आंबे हुंगत होते.

अनीस म्हणाला, "तुम चुप क्यों हो? सीट तो पक्की है."

दादा म्हणाला, "तुम जाओ यार. मैं अगले साल आता हूँ."

"अगले साल तक कोई जगह रखता है?"

"रख लेंगे. तुम रखवा देना."

अनीसनं हातातली कोय दूर फेकली. "मैं अकेला वहाँ किसके साथ खेलूँगा?"

दादानं पुढचा आंबा उचलला. मला वाटलं, हे असंच चाललंय, मुलं बोलतात तसं. पण त्याच्या आदल्या दिवशी सकाळी काय झालं होतं ते मी पाहिलं होतं. आमचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर होतं. आई खालून पाण्याची लहान बादली घेऊन येत होती. कामवाली आली नव्हती आणि आईनं कुणाला उठवलं नव्हतं. अर्ध्या जिन्यावर ती बसली होती. एक हात कठड्यावर, एक छातीवर, तोंड उघडं, ओठ निळसर. दादा मैदानावरून येत होता. तो खालच्या पायरीवर थांबला. आईनं त्याला पाहिलं आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "अरे, जरा टेकले. केवढं ऊन झालंय सकाळीच." सकाळचे जेमतेम सात वाजले असतील, जिन्यात ऊन नव्हतंच. दादानं बादली उचलली आणि तो वर आला. मी नुकतीच उठून दारात आले होते. मला म्हणाला, "बाजूला हो."

मलिहाबादहून परतल्यावर त्यानं जाहीर केलं की तो लखनौतच राहणार. जेवताना, वरणभात कालवत, सहज सांगितल्यासारखं. "रिझवी सरांचं बरोबर आहे. तिथे मी नुसता उभा राहीन. इथे खेळायला मिळेल, लोकांना दिसेन."

बाबा म्हणाले, "नीट विचार केलास ना?"

"केला."

आई म्हणाली, "माझ्यासाठी नाही ना राहत?"

"तुझा काय संबंध?" दादा म्हणाला, आणि आणखी वरण मागितलं.

अनीसला सोडायला चारबाग स्टेशनवर गेलो. त्याच्या अब्बांनी गाडी सुटेपर्यंत त्याची कॉलर तीनदा नीट केली. गाडी हलली तेव्हा दादा खिडकीला धरून थोडा धावला. मग प्लॅटफॉर्मच्या टोकाशी जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ परत आला नाही. बाबा म्हणाले, "येऊ द्या त्याला सावकाश."

त्या हिवाळ्यात आईचं ऑपरेशन झालं. छान झालं. उन्हात बसून मटार सोलणारी, जिना न थांबता चढणारी आई आम्हाला परत मिळाली. रक्त दादानं दिलं, हॉस्पिटलात तोच राहिला, आणि मला पोळ्या करायलाही त्यानंच शिकवलं, स्वतःला येत नसताना. मला ते दिवस सुखाचे आठवतात, हे सांगितलं पाहिजे. पुढच्या जूनमध्ये अनीस सुट्टीवर आला तेव्हा त्यानं खालमानेनं सांगितलं की उजव्या बॅकची जागा भरली. जालंधरचा एक मुलगा घेतला होता. दादा म्हणाला, "अच्छा खेलता है?" अनीस म्हणाला, "ठीक है. आवाज़ देनी पड़ती है."

रिझवी सर खोटं बोलले नव्हते. दादा खरोखरच दिसला. त्यांचा संघ हरत राहिला आणि दादा खेळत राहिला. विद्यापीठाच्या एका सामन्याला मी आणि आई गेलो होतो. आई त्या दिवशी पहिल्यांदा शेवटची शिट्टी होईपर्यंत बसली. समोरचा संघ बलाढ्य होता. चेंडू आमच्या अर्ध्यातून बाहेर जाईचना. लाटेसारखे ते लोक यायचे आणि दादापाशी येऊन फुटायचे. तो पडला, उठला, गुडघ्यातून रक्त आलं, पेनल्टी कॉर्नरला धावत जाऊन त्यानं एक फटका मांडीवर घेतला. सामना आम्ही हरलो, पण एकाच गोलनं. सामना संपल्यावर समोरच्या संघाचा कॅप्टन येऊन दादाच्या पाठीवर हात ठेवून गेला. मांडवात बसलेल्या पाहुण्यांपैकी एक गोलसर गृहस्थ रिझवी सरांना काहीतरी विचारत होते.

काही आठवड्यांनी सर सायकलवरून आले. इतक्या जोरात पॅडल मारत आले होते की त्यांना बोलता येईना. आईनं पाणी दिलं. ते म्हणाले, "भाभी, मुकुंद का कैंप में नाम आ गया." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. संघाला बॅक हवा होता म्हणून त्यांनी दादाला ठेवून घेतलं असं मी मनात धरून बसले होते, ते त्या दिवशी सोडून दिलं. बाबांनी संस्थेत पेढे वाटले. ज्युनियर कॅम्प, दूरच्या शहरात, आणि तिथे अनीसही होता. दोघं पुन्हा डावे-उजवे उभे राहणार होते.

कॅम्प त्या हिरव्या मैदानावर होता.

पुढचं मला दादानं कधी सांगितलं नाही, अनीसनं सांगितलं. दादा पोचला तो खिळ्यांचे बूट घेऊन. कुणीतरी हसलं. अनीसनं आपले जुने बूट दिले, ते त्याला घट्ट होत होते. सकाळी मैदानावर पाणी मारलं होतं. पहिला चेंडू आला आणि दादा उभाच राहिला. त्याच्या स्टिकच्या दोन हात बाजूनं तो निघून गेला. दादानं अनीसकडे वळून बघितलं आणि म्हणाला, "आवाज़ ही नहीं आती."

ओल्या टर्फवर चेंडू उड्या मारत नाही. सरपटत, गुळगुळीत, मातीपेक्षा कितीतरी वेगानं येतो, आणि आवाज करत नाही. सगळी मुलं एक-दोन वर्षं त्याच्यावर खेळलेली होती. अनीसचं कॉलेज तर दर आठवड्याला मुलांना बसनं तिथे नेत होतं. स्टिक आडवी टाकायची, कंबर आणखी खाली न्यायची, पाय वेगळे टाकायचे, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. दादाला चेंडू कुठे येणार ते अजूनही सगळ्यांच्या आधी कळायचं. अनीस म्हणाला, "चाची की क़सम, उसे सब पता रहता था. बस पहुँचता देर से था." पडला की टर्फ कातडी भाजल्यासारखी सोलून काढायची. दादा सकाळी सगळ्यांच्या आधी उठून एकटा चेंडू भिंतीवर मारत बसायचा. शेवटी यादीतून त्याचं नाव गळलं तेव्हा तिथल्या मुख्य कोचनं त्याला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "खेल तुम बहुत अच्छा पढ़ते हो. टर्फ़ पर साल भर पहले आ जाते, तो मैं तुम्हें छोड़ता नहीं."

साल भर पहले.

दादा चारबागला उतरला तेव्हा बाबा आणि मी गेलो होतो. बाबांनी आयुष्यात कधी त्याचं सामान उचललं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी त्याच्या हातातून स्टिकची पिशवी घेतली आणि रिक्षापर्यंत छातीशी धरून नेली. घरी आल्यावर दादानं आईला सांगितलं की पाठीत चमक भरली म्हणून परत पाठवलं. आईनं राईचं तेल गरम केलं. त्याच्या दुखत नसलेल्या पाठीला ती आठवडाभर तेल चोळत होती, आणि तो उशीत तोंड खुपसून पडून राहायचा.

त्यानंतर एकदाही कॅम्पला बोलावणं आलं नाही. नवी मुलं टर्फवरच वाढत होती. दादाला एका बँकेत खेळाडू म्हणून नोकरी मिळाली, लखनौतल्याच सरोजिनी नगरच्या शाखेत. तो स्कूटरवरून कानपूर रोडनं जायचा आणि धुळीनं भरून यायचा. काही वर्षं बँकेकडून खेळला. मग एक दिवस संध्याकाळी तो मैदानावर न जाता घरी आला आणि चहा प्यायला बसला. दुसऱ्या दिवशीही तसाच आला. खेळ सोडला असं त्यानं सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

अनीस देशाकडून खेळला. फार वर्षं नाही, पण खेळला. त्याच्या पहिल्या सामन्याचं समालोचन आम्ही रेडिओवर ऐकलं. दादा वेताच्या मोढ्यावर बसला होता, कोपर गुडघ्यांवर. समालोचक सांगायच्या आधीच तो पुटपुटत होता, "आता डावीकडून येतील... अनीस पुढे जाईल... मागे कोण आहे?" एकदा समालोचक ओरडला की उजवीकडची जागा मोकळी सापडली आणि गोल झाला. दादाचा उजवा पाय जमिनीवर सरकला. नुसता सरकला, वीतभर. मग त्यानं तो पाय मागे घेतला. बाबा उठून गॅलरीत गेले. बाबांनी पुढे कधी, म्हातारपणीसुद्धा, कुणालाच 'तू ठरव' म्हटलेलं मी ऐकलं नाही. माझं कॉलेज, माझं लग्न, सगळ्यात ते ठासून मत द्यायचे. मी वैतागायचे. कारण समजायला मला वेळ लागला.

अनीस लखनौला आला की आधी आईला भेटायचा. एका जूनमध्ये तो ब्लेझर घालून आला, त्या उकाड्यात, कारण आईनं बघायला मागितला होता. आईनं त्यावरच्या कशिद्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, "बहुत अच्छा दिखता है, बेटा. तेरे अब्बा ने देखा?" मग जरा थांबून तिनं विचारलं, "सच बता. मुकुंद का खेल कैसा था?"

दादा स्वयंपाकघरात आंबे कापत होता. अनीसनं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "चाची, मैं उसके बग़ल में खेलता था, इसीलिए लोगों को मैं अच्छा लगता था."

आईनं मान हलवली. दादा फोडी घेऊन आला आणि अनीसला म्हणाला, "उतारो यार इसे, पिघल जाओगे." दोघं हसले. त्या हसण्यात खोट नव्हती. दादानं अनीसवर कधी राग धरला नाही. त्याचा राग कुणावरच नव्हता, आणि तेच मला सोसत नसे. कुणावर तरी फोडून टाकला असता तर घरातली हवा मोकळी झाली असती.

ऐंशीचं दशक सरता सरता आईची झडप पुन्हा आवळली. या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. तेही दिवस जूनचेच होते. हॉस्पिटलच्या खिडकीतून गरम वारा आत यायचा, आणि मी ओला टॉवेल दांडीवर टाकून ठेवायचे. आई बारीक होऊन गादीत बुडाल्यासारखी झाली होती. आवाज मात्र स्वच्छ होता.

एका दुपारी दादा बँकेतून सरळ तिथे आला होता. तिच्या पायांना हलकेच दाबत बसला होता. आई अचानक म्हणाली, "मुकुंद, एक विचारते. खरं सांग. तेव्हा तू पंजाबला गेला नाहीस, तो माझ्यासाठी राहिलास का?"

दादा दाबायचा थांबला नाही. त्यानं मान वर केली, आईच्या डोळ्यांत बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "नाही गं. रिझवी सरांचं पटलं म्हणून राहिलो. त्यात माझंच गणित चुकलं. टर्फचा विचारच केला नाही मी."

"नक्की?"

"नक्की. तुझा काय संबंध?"

आईनं डोळे मिटले. "बरं झालं. इतकी वर्षं मनात होतं." तिच्या चेहऱ्यावर इतकी सैल, इतकी मोकळी शांतता आली की दादाचे खांदे खाली आले. तो बराच वेळ तिचे पाय तसेच हातात धरून बसला. मग औषध आणायला उठला. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं तो कधी करत नसे.

त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली तेव्हा आईनं डोळे उघडले. मला जवळ बोलावलं. म्हणाली, "खोटं बोलला तो."

मी म्हटलं, "आई, असं का म्हणतेस?"

"माझा मुलगा आहे. खरं बोलताना तो इकडेतिकडे बघतो. माझ्या डोळ्यांत बघून बोलला की समजायचं, खोटं आहे. लहान होता तेव्हापासून." ती थांबली. श्वास जमवला. "त्याला सांगू नकोस मला कळलं म्हणून. त्याला वाटू दे, मी मोकळी होऊन गेले."

चार दिवसांनी ती गेली. तेराव्याला रिझवी सर आले होते, काठी टेकत. अनीस नोकरीच्या गावाहून आला होता. दादा सगळ्यांना सांगत होता, "शेवटी आईच्या मनात काही राहिलं नाही. विचारलं तिनं, मी सांगून टाकलं." तेवढं एक त्याला मिळालं होतं.

दादा अजून लखनौतच असतो. आता पुष्कळ थकलाय. तो रविवारी माझ्याकडे येतो, आंबे चांगले नाहीत म्हणून कुरकुर करतो आणि चार खातो. कधीतरी आईचा विषय निघतो आणि तो तेच वाक्य म्हणतो, "आई शांतपणे गेली." मी म्हणते, "हो, दादा." आणि त्याच्या डोळ्यांत बघते.